महामार्गाची किंमत आणि महामार्गाचे मोल
(व्यापाऱ्याने अभ्यासावा असा एक विषय)

धान्याच्या व्यापारात मालाचा भाव मंडीत ठरतो, परंतु नफा-तोटा पुष्कळदा रस्त्यावर ठरतो. सीहोर-आष्ट्याकडील शरबती गहू, विदिशा-रायसेनकडील हरभरा, नर्मदापुरमकडील मूग आणि तांदूळ भोपाळच्या करोंद मंडीत येतो आणि तेथून दूरदेशी रवाना होतो. या येण्या-जाण्यात भाडे, गळती, भिजणे, खोळंबा आणि टोल असे पाच खर्च मालाच्या अंगाला चिकटतात. त्यांपैकी प्रत्येकाचा संबंध रस्ता कसा आखला आणि कसा बांधला याच्याशी असतो. असे असूनही रस्त्याचा विचार म्हणजे सरकारचे व ठेकेदाराचे काम, अशी आपल्या वर्गाची समजूत आहे. ही समजूत आपल्याच हिताची नाही, हे दाखवून देण्यासाठी हा अभ्यासलेख सादर करीत आहे. लेखक अभियंता नव्हे. तथापि ज्या शास्त्राची ओळख येथे करून द्यावयाची आहे, त्याचा पाया हिशेबात आहे, आणि हिशेब हा तर आपला कुलधर्मच होय.

१. किंमत आणि मोल

इंग्रजीतील ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ या संज्ञेला मराठीत ‘मूल्य-अभियांत्रिकी’ असे म्हणतात. नाव जड असले तरी कल्पना सोपी आहे. कोणत्याही वस्तूविषयी ‘ही कितीला पडते?’ असे विचारण्याआधी ‘ही कोणते काम करते?’ असे विचारावयाचे. ते काम तितकेच चांगले, तितकेच दिवस, परंतु कमी खर्चात करणारा दुसरा मार्ग सापडला, तर वस्तूचे मोल वाढले. खर्च घटला पण कामही घटले, तर ती केवळ काटछाट झाली. तिला मूल्य-अभियांत्रिकी म्हणता येत नाही.

आपल्या दुकानातील बारदान पाहा. बारदानाचे काम धान्य धरून ठेवणे, हमालाच्या आकड्याला टिकणे, गोदामात थप्पी नीट बसू देणे आणि धान्याला हवा लागू देणे हे आहे. पातळ पोते दोन-चार रुपयांनी स्वस्त मिळते, परंतु तिसऱ्या हाताळणीत उसवते आणि वाटेत दाणा सांडतो. असे पोते घेणाऱ्याने किंमत वाचविली, मोल गमावले. उलटपक्षी, ज्या मालाला केवळ मंडीतून गिरणीपर्यंत एकाच दिवसाचा प्रवास करावयाचा आहे, त्यासाठी जाडजूड नवे पोते वापरणे हीही उधळपट्टीच. ‘कामापुरते, परंतु कामाला पुरे’ हा या शास्त्राचा गाभा आहे.

२. शास्त्राचा उगम

या विचारपद्धतीचा जन्म टंचाईतून झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स नावाचे गृहस्थ खरेदी विभागात काम करीत होते. पोलाद, तांबे, निकेल सारे युद्धाकडे वळलेले. मागितलेली वस्तू मिळत नसे. तेव्हा वस्तू मिळत नसेल तर तिचे काम करणारे दुसरे काही शोधावे, असा मार्ग त्यांनी धरला. नवल असे की, पर्यायी वस्तू पुष्कळदा स्वस्त तर असेच, शिवाय मूळ वस्तूपेक्षा सरसही ठरे. युद्ध संपल्यावर १९४७ च्या सुमारास त्यांनी या अनुभवाला पद्धतीचे रूप दिले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाज विभागाने ती स्वीकारली आणि ‘मूल्य-अभियांत्रिकी’ हे नाव रूढ झाले.

त्या काळची एक हकीकत सांगतात. कारखान्यात रंगकाम होई त्या जागेच्या जमिनीवर अंथरण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे पत्रे हवे होते, ते मिळेनात. विचारणा करता कळले की, रंगाचे थेंब जमिनीवर पडतात आणि आग लागण्याचे भय असते, म्हणून पत्रे हवेत. हे काम न पेटणारा एक विशिष्ट कागद अल्प किमतीत करू शकत होता. परंतु कारखान्याच्या अग्निसुरक्षा नियमात ‘ॲस्बेस्टॉस’ असाच शब्द लिहिलेला होता! तो नियम बदलून घेण्यास पुष्कळ खटपट करावी लागली. यातील बोध असा की, नियमाने वस्तूचे नाव लिहून ठेवले तर सुधारणेची वाट बंद होते, आणि काम लिहून ठेवले तर ती वाट मोकळी राहते.

३. महामार्गांसाठी झालेले नियम

रस्त्यांच्या कामात ही पद्धत कायद्याने बंधनकारक करण्याचा पहिला मोठा प्रयोगही अमेरिकेतच झाला. तेथील १९९५ च्या राष्ट्रीय महामार्ग-विषयक कायद्याने अडीच कोटी डॉलर वा त्याहून अधिक खर्चाच्या, केंद्राचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या महामार्ग-कामांना मूल्याभ्यास सक्तीचा केला. १९९७ मध्ये त्याचे तपशीलवार नियम आले. २०१२ च्या कायद्याने ही मर्यादा रस्त्यांसाठी पाच कोटी आणि पुलांसाठी चार कोटी डॉलरपर्यंत नेली.

या नियमांतील दोन गोष्टी आपण विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, अभ्यास करणाऱ्या मंडळीत ज्यांनी मूळ आराखडा केला ते नसावेत, आणि निरनिराळ्या विद्यांचे जाणकार एकत्र बसावेत. आपल्या पेढीवर वही लिहिणाऱ्या मुनिमाकडूनच तिची तपासणी करून घेण्याची रीत नाही. तद्वतच हे आहे. दुसरी अशी की, अभ्यासाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम माहिती गोळा करणे. मग प्रत्येक भागाचे काम कोणते ते ठरविणे. मग मनात येतील तेवढे पर्याय, हसू न करता, मांडणे. मग ते पारखणे. टिकतील त्यांचा खर्चासह आराखडा करणे. आणि शेवटी निर्णय घेणाऱ्यांपुढे ते ठेवणे. ही पायरी-रचना सोडून ‘दहा टक्के कमी करा’ एवढाच हुकूम सुटला, तर कमी होतात त्या बाजूपट्ट्या आणि गटारे. पाहणीच्या दिवशी जे डोळ्यांत भरत नाही, त्यालाच आधी कात्री लागते.

आणखी एक नियम व्यापाऱ्याला फार आवडण्याजोगा आहे. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९९ मध्ये जो नमुना-करार प्रसिद्ध केला, त्यात काम चालू असता ठेकेदाराने बचतीची युक्ती सुचविली तर त्याला वाटा देण्याची तरतूद आहे. हिशेब असा: युक्तीमुळे कराराची जी रक्कम वाचली, तिच्यातून त्या बदलामुळे कामाचा दर्जा, आयुष्य वा उपयोग यांत मालकाचे जे नुकसान झाले असेल ते वजा करावयाचे, आणि उरलेल्या रकमेचा निम्मा भाग ठेकेदारास द्यावयाचा. बचतीतून घट वजा केल्यावाचून बचत मानावयाची नाही, हा विवेक या एका कलमात आला आहे.

४. आपल्या देशातील परंपरा

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नव्हता. १९२७ मध्ये हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच हे जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्तेनिधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्यातून रुजले. १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्ते आणि पूल यांच्या आखणीची मानके आजही तीच प्रसिद्ध करते.

त्याहून महत्त्वाची घटना आपल्या शेजारी नागपुरात घडली. १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते तेथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी प्रतवारी तिने लावली. शेतीने समृद्ध अशा भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे तिचे उद्दिष्ट होते. या वाक्यात डांबराचे नाव नाही की सिमेंटचे नाही. रस्त्याने काय साधावयाचे तेवढे सांगितले आहे. मूल्य-अभियांत्रिकी हा शब्द जन्मण्यापूर्वीच नागपूरच्या त्या मंडळींनी काम आधी आणि साहित्य नंतर हा क्रम पाळला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला, १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण निर्माण झाले, आणि २०१६ च्या सुमारास केंद्रीय मंत्रालयाने ‘मूल्य-अभियांत्रिकी कार्यक्रम’ या नावानेच नवे साहित्य, नवी यंत्रे व नव्या रीती स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. खर्च व वेळ कमी व्हावा, परंतु रस्ता आणि पूल अधिक बळकट व टिकाऊ व्हावेत, असा दुहेरी हेतू त्यात आहे. त्याचबरोबर मोठी कामे ठोक रकमेच्या कराराने देण्याची पद्धत वाढली. त्या करारात आराखडाही ठेकेदारच करतो. मानकांच्या चौकटीत राहून त्याने केलेली बचत त्याचीच. ही पद्धत वाईट नाही. परंतु तिच्यात देखभालीची मुदत किती वर्षांची ठेवली आहे यावर सारे अवलंबून राहते. मुदत थोडी असेल तर ठेकेदाराचा हिशेब थोड्या वर्षांचा आणि आपला वीस वर्षांचा, असे दोघांचे जमाखर्च निराळे पडतात.

५. स्थानिक साहित्याचा विचार

खर्च वाचविण्याचा सर्वांत निर्मळ मार्ग म्हणजे जवळचे साहित्य योग्य रीतीने वापरणे. भोपाळपासून पश्चिमेकडे निघाले की काळी माती लागते. गव्हाला ती माता आहे, परंतु रस्त्याला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता उसवते. पूर्वी अशी माती खोदून दुरून मुरूम आणणे हाच उपाय असे. आता त्याच मातीत चुना मिसळून तिचा फुगण्याचा स्वभाव मोडता येतो, किंवा न फुगणाऱ्या मातीचा सुमारे ०.६ ते १ मीटर जाडीचा थर मध्ये घालता येतो. कोणता उपाय स्वस्त, हे त्या त्या ठिकाणच्या वाहतूक-अंतरावर अवलंबून आहे. येथे अभियंत्याच्या पुस्तकापेक्षा ट्रकभाड्याचा तक्ता जास्त बोलका ठरतो.

औष्णिक वीजकेंद्रांतील राखेविषयी नियमच आहे. २००९ मध्ये अशा केंद्रापासून १०० किलोमीटरच्या आतील रस्त्यांच्या भरावात राख वापरणे आवश्यक करण्यात आले; २०१६ मध्ये हे अंतर ३०० किलोमीटर केले गेले. बैतूल जिल्ह्यातील सारणीचे वीजकेंद्र भोपाळपासून या अंतराच्या आतच येते. सुपीक माती शेतातून उचलून भरावात घालण्याऐवजी टाकाऊ राख घातली, तर शेतकऱ्याचे शेत वाचते आणि वीजकेंद्राची राखेची अडचण दूर होते. तसेच नोव्हेंबर २०१५ पासून पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरपर्यंतच्या डांबरी कामांत टाकाऊ प्लॅस्टिक वापरण्याचा दंडक आला. डांबराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के प्लॅस्टिक तापलेल्या खडीवर चढवितात. त्यामुळे डांबर तेवढे कमी लागते आणि खडीला पाणी लवकर सोडवीत नाही.

६. वीस वर्षांचा जमाखर्च

आता थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, रस्त्याच्या एका तुकड्यासाठी दोन पर्याय आहेत. पहिल्याला आरंभी १०० लाख रुपये लागतात, आणि पाचव्या, दहाव्या व पंधराव्या वर्षी प्रत्येकी २० लाखांचा नवा थर द्यावा लागतो. दुसऱ्याला आरंभी १२५ लाख लागतात आणि दहाव्या वर्षी केवळ ५ लाखांची दुरुस्ती. वीस वर्षांची नुसती बेरीज केली तर पहिला १६० लाखांना आणि दुसरा १३० लाखांना पडतो. तेव्हा दुसरा स्वस्त, असे कोणीही म्हणेल.

परंतु व्यापारी असे म्हणणार नाही. पाच वर्षांनी द्यावयाचे २० लाख आज व्याजी लावले तर मुद्दल कमी पुरते, हे त्याला ठाऊक असते. आपल्या देशात सरकारी प्रकल्पांच्या पारखणीत १२ टक्के हा दर पुष्कळ काळ वापरला गेला. त्या दराने आजची किंमत काढली, तर पहिला पर्याय सुमारे १२१.४ लाखांचा आणि दुसरा १२६.६ लाखांचा ठरतो. म्हणजे पहिला स्वस्त! हाच हिशेब ६ टक्क्यांनी केला, तर पहिला १३४.५ आणि दुसरा १२७.८ लाख, पुन्हा दुसरा स्वस्त. दर बदलला की निकाल फिरतो. यास्तव कोणी ‘हा रस्ता किफायतशीर आहे’ असे सांगितले, तर ‘कोणत्या दराने आणि किती वर्षांच्या हिशेबाने?’ असे विचारण्याचा आपला हक्क आहे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. वरील हिशेबात केवळ सरकारी तिजोरीचा खर्च धरला. रस्ता खडबडीत झाल्यावर टायर झिजतात, कमानपट्टे तुटतात, डिझेल अधिक जळते आणि ट्रक उशिरा पोहोचतो. हा खर्च कोणाच्या वहीत लिहावयाचा? समजा, पहिल्या पर्यायात वाहनधारकांचा असा जादा खर्च वर्षाला अवघा १ लाख रुपये आहे. १२ टक्के दरानेही वीस वर्षांच्या या खर्चाची आजची किंमत सुमारे ७.५ लाख होते. ती मिळविली की पहिला पर्याय १२८.९ लाखांवर जातो आणि दुसरा पुन्हा स्वस्त ठरतो. म्हणजे वर्षाचा एक लाख सगळा निर्णय पालटू शकतो. या कारणासाठीच केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९७७ ते १९८२ या काळात वाहन चालविण्याच्या खर्चाची देशभर पाहणी केली, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या आर्थिक पारखणीच्या मार्गदर्शिकेत वाहनधारकांचा खर्च धरण्याची रीत आली. नियम आहे, तो प्रत्येक प्रकल्पात नीट पाळला जावा, एवढेच मागणे आहे.

७. चार उदाहरणे

*नागपूर.* वर्धा मार्गावर उड्डाणपूल हवा होता आणि मेट्रोही हवी होती. दोन्हींसाठी वेगळे खांब उभारले असते तर जागा व पैसा दोन्ही अधिक लागले असते. तेथे एकाच खांबावर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची रचना झाली. २०२२ मध्ये तिची जागतिक विक्रमात नोंद झाली. एका खांबाने दोन कामे केली आणि कोणतेही काम उणे झाले नाही. हे शुद्ध मूल्यवर्धन होय.

*बोरघाट.* मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेळी खासगी कंपनीची सुमारे ३,६०० कोटी रुपयांची निविदा राज्याने नाकारली. १९९६ मध्ये स्वतःचे रस्ते विकास महामंडळ स्थापन करून साधारण १,६०० कोटींत तो मार्ग उभारला, आणि २००२ मध्ये तो पूर्ण झाला. ही बचत थोर आहे. तथापि घाटात जुना महामार्ग व नवा मार्ग एकत्र येतात तो भाग तसाच राहिला, आणि वर्षानुवर्षे तेथे वाहनांच्या रांगा लागल्या. अखेर २०१९ मध्ये तो भाग टाळणाऱ्या, बोगदे व उंच पूल असलेल्या १३.३ किलोमीटरच्या जोडमार्गाचे काम हाती घ्यावे लागले, आणि त्याचा एकट्याचा खर्च मूळ संपूर्ण मार्गाच्या कितीतरी पट आहे. मधल्या काळात वाढलेली महागाई लक्षात घेतली तरी, पुढे ढकललेले काम व्याजासह परत येते, हे खरे.

*ऐशबाग.* आता आपल्या भोपाळकडे येऊ. रेल्वे फाटकावरचा खोळंबा मिटावा म्हणून ऐशबाग येथे सुमारे १८ कोटी रुपये खर्चून ६४८ मीटर लांबीचा पूल बांधला गेला. २०२५ मध्ये तो तयार होताच त्यावरील तीव्र वळणाची छायाचित्रे देशभर फिरली आणि ‘नव्वद अंशांचा पूल’ असे त्याचे नाव पडले. जागा अपुरी होती आणि शेजारी मेट्रोचे स्थानक होते, असे कारण देण्यात आले. जून २०२५ मध्ये शासनाने सात अभियंत्यांना निलंबित केले आणि एका निवृत्त अधिकाऱ्याची चौकशी लावली. पुढे उच्च न्यायालयात प्रकरण गेले तेव्हा तज्ज्ञाच्या मोजणीत ते वळण ११८ ते ११९ अंशांचे निघाले. न्यायाचा काटा ज्याचा त्याने पाहावा. आपण येथे धडा तेवढा घेऊ. जागा कमी आहे ही गोष्ट पूल बांधून झाल्यावर कळत नाही. ती कागदावर पहिली रेघ ओढताना कळलेली असते. आराखड्यात नसलेल्या चार जाणकारांनी त्या वेळी बसून ‘या पुलाचे काम काय? बस व ट्रक न थांबता, न धडकता पलीकडे नेणे’ एवढे लिहिले असते, तरी प्रश्न तेथेच ऐरणीवर आला असता. रेघ खोडण्यास खोडरबर पुरतो; पूल खोडण्यास सुरुंग लागतो.

*पेंच.* सिवनी-नागपूर महामार्ग चौपदरी करताना तो पेंचच्या जंगलातून जाणार होता. श्वापदांसाठी किती मोठे भुयारी मार्ग ठेवावे यावर दीर्घ वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. लहान मोऱ्यांनी खर्च वाचला असता. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ मोठ्या रचना बांधल्या गेल्या. त्यांतील सर्वांत मोठ्यांची लांबी ७५० मीटर आहे. पुढे तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. वर ट्रक निर्धोक धावतो आणि खाली मुका जीव निर्धोक जातो. ज्या रस्त्यावर दोन्ही कामे लिहिलेली आहेत, तेथे एकच काम करणारा स्वस्त आराखडा खरे पाहता अपुरा आराखडा ठरतो.

८. आपला स्वतःचा वाटा

येथवर सरकार आणि ठेकेदार यांच्याकडे बोट दाखविले. आता तराजूचे दुसरे पारडे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अहोरात्र फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम असा की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळापट होते. आपल्याकडील डांबरी रस्त्यांची जाडी ८,१६० किलोच्या प्रमाण-आसाच्या मोजमापाने ठरवितात, त्याचे मूळ येथेच आहे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला सुमारे १३ टक्के. परंतु चौथ्या घाताने पाहिले तर झीज वाढली सुमारे ६२ टक्के. ही वाढ कायद्यानेच झाली आहे, तेव्हा नव्या रस्त्यांच्या आखणीत ती धरली गेली पाहिजे. आता कोणी याच आसावर १५ टन लादला, तर तो कायदेशीर ट्रकाच्या जवळजवळ तिप्पट रस्ता खातो. जादा साडेतीन टन म्हणजे पन्नास किलोची सत्तर पोती. सत्तर पोत्यांचे भाडे एकाचे वाचते, आणि तीन ट्रकांची झीज साऱ्या जिल्ह्याच्या माथी बसते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच जादा भाराचे परवाने देण्याची राज्यांची पद्धत बंद केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात दंड २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा ठरविला. परंतु दंडाच्या भयापेक्षा हिशेबाची जाण अधिक टिकाऊ. चांगला रस्ता मागणाऱ्याने वजनकाट्यावर डोळे मिटू नयेत.

९. विचारावयाचे पाच प्रश्न

एका बाजारगावाजवळ महामार्ग चौपदरी झाला तेव्हा गावरस्त्यासाठी हलक्या वाहनांपुरताच, सुमारे चार मीटर उंचीचा, भुयारी मार्ग ठेवला गेला. मोठ्या वाहनांच्या मार्गाला साडेपाच मीटर उंची लागते. भरावाचा खर्च वाचला. परंतु भुशाने उंच भरलेल्या ट्रॉल्या आणि पोत्यांनी भरलेले मोठे ट्रक तेव्हापासून लांबचा वळसा घेऊन मंडीत येतात. तो वळसा आजही शेतकरी आणि अडत्या मिळून भरतात. आराखडा ठरला तेव्हा मंडीतील एकाही माणसाने ‘या वाटेने काय काय जाते?’ हे अभियंत्यांना सांगितले नव्हते. कोणी विचारले नाही, हे जितके खरे, तितकेच कोणी सांगावयास गेले नाही, हेही खरे.

म्हणून आपल्या मंडळाने प्रत्येक नव्या रस्त्याच्या वेळी, काम सुरू होण्यापूर्वीच, पुढील प्रश्न लेखी विचारावेत अशी सूचना आहे.

१. या रस्त्याचे काम कोणते, आणि त्यावरून हंगामात कोणती वाहने, किती उंचीची व किती वजनाची जातील, हे मोजले आहे काय? मोजणी गव्हाच्या हंगामात केली की पावसाळ्यात?

२. किती पर्यायांचा विचार झाला, आणि आराखडा करणाऱ्यांहून वेगळ्या जाणकारांनी ते तपासले काय?

३. खर्चाचा हिशेब किती वर्षांचा आणि कोणत्या व्याजदराने केला? त्यात वाहनधारकांचा खर्च धरला काय?

४. अंदाजपत्रक कमी करताना कोणत्या बाबी वगळल्या? पाण्याचा निचरा, बाजूपट्ट्या आणि मोऱ्या त्यांत आहेत काय?

५. ठेकेदाराची देखभालीची मुदत किती, आणि ती संपल्यावर दुरुस्तीची तरतूद कोठून होणार?

या प्रश्नांत विरोधाचा सूर नाही. उधारी देण्यापूर्वी आपण गिऱ्हाइकाची पत विचारतो, तेवढेच हे स्वाभाविक आहे. रस्ता सरकार बांधते खरे, परंतु डिझेलवरील करातून, टोलमधून आणि भाड्यातून त्याचे पैसे आपण आणि आपला शेतकरी भरतो. आजवर आपण रस्ता तयार झाल्यावर त्याची तक्रार करीत आलो. यापुढे तो कागदावर असतानाच त्याची पारख करावी. धान्याचा नमुना आपण पोते उघडून, मुठीत घेऊन पाहतो. पोते गोदामात गेल्यावर पाहत नाही. रस्त्याच्या बाबतीतही वेळ तीच साधावी, एवढीच व्यापारी बंधूंस विनंती आहे.